रिकामा कट्टा

मशीन यायला अजून पंधरा दिवस होते, आणि अक्काताईनं रिकाम्या कट्ट्यालाच हळदकुंकू लावून नारळ फोडला! मष्णूअण्णांचं टाळकं फिरलं. आधी महिनाभर याच बायकोनं, "उचलून मळ्यात नेता येईल असला लहान जनरेटर घ्या," म्हणून डोकं खाल्लं होतं. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात निपाणीत दिवसातून चारदा लाइट जायची. तिथं ते खेळणं काय कामाचं? कायमच्या मोठ्या मशीनसाठी त्यांनी परसात सिमेंटचा कट्टा बांधला, आणि आता ही थट्टा!

"पूजा मशीनची करत्यात, सिमेंटची न्हाय!"

"मुहूर्त आज हुता," अक्काताई म्हणाली.

त्या दुपारपासून लाइट गेली की परसात धडधड सुरू व्हायची आणि घरातले दिवे लागायचे. कट्टा रिकामाच, पण हात लावावा तर तापलेला.

"शेजाऱ्यांचा चावटपणा हाय सगळा!" अण्णा गुरगुरायचे.

पंधराव्या दिवशी चार हमालांनी मशीन आणलं. ते खाली टेकवताना, सिमेंटच्या हातभर वरच, लोखंडावर लोखंड खणकलं. मशीन तिथंच अडलं.

"चेष्टा करताय व्हय, अण्णा?" घामाघूम हमाल ओरडला. "आधी हे जुनं काढा की!"