नळाखालचा ट्रे

चुंबकावर बसणारा ट्रे बिअरच्या फ्रिजच्या दारावर काही टिकेना. दोनदा घसरून पडल्यावर स्टॅनीने ड्रिल काढलं.

"भोकं पाडू नकोस रे," रेजिना म्हणाली. "जावयाने दिलाय फ्रिज."

"आणि ट्रे लेकीने दिलाय."

हॉस्पिटलात स्टॅनीची दारू बंद झाली, तरी जावयाची भेट विकता येत नव्हती, आणि आतलं अर्धं बॅरल ओतून टाकायला नवरा-बायकोपैकी कोणी उठलं नव्हतं. तेव्हा लेकीने, टिफनीनेच तोडगा काढला. दारावरच्या नळाखाली ट्रे लावायचा आणि रोज संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. ट्रे ओला दिसला, की डॅडी परत प्यायला लागले. मग ती येऊन मम्मीला पुण्याला घेऊन जाणार. इथे वटार गावात डॅडी आणि फ्रिज, दोघंच.

स्टॅनीला यात काही वावगं वाटलं नव्हतं. हॉस्पिटलातून आल्यापासून त्याला तसं कशातच काही वाटत नव्हतं.

त्याने स्क्रू पिळले. ट्रे सरळ बसलाय का बघायला मान तिरकी केली, तेव्हा नळाच्या तोंडाला बोट लागलं. ओलं होतं. त्याने बोटाचा वास घेतला.

हॉस्पिटलातून आल्यापासून त्याने या नळाला हात लावला नव्हता. घरात तिसरं माणूस नव्हतं.

त्याने मागे पाहिलं. रेजिना पुसलेलंच टेबल पुसत होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"डॅडी, कॅमेरा खाली घ्या. अजून खाली. छान बसलाय की! ...हा थेंब कसला?"

टेबलावरचा हात थांबला.

"नळ गळतो," स्टॅनी म्हणाला.

"आज ट्रे लावला आणि आजच नळ गळायला लागला?"

"ट्रे आजचा. नळ जुनाच आहे."

"मम्मी, खरंच गळतो?"

रेजिनाने फडकं घडी करून ठेवलं. मग पुन्हा उलगडलं.

"गळतो," ती म्हणाली.

"शनिवारी येते मी. स्वतःच बघते." फोन बंद झाला.

स्टॅनीने फोन टेबलावर ठेवला.

"चहा ठेवू?" रेजिनाने विचारलं.

"ठेव."

ती आत गेली. स्टॅनीने पाना उचलला, नळाचा घट्ट बसलेला नट जरासा सैल केला, आणि स्टूल ओढून थेंब पडायची वाट बघत बसला.