अडीच तासांवर

"तोरिनो ते बाकाऊ, विमानानं अडीच तास. तेवढंही जमेना तुला, ताई?" भाऊ फोनवर ओरडला. रोमानियात आई शेवटच्या घटका मोजत होती. इलिंका निघणार कशी? ज्या आजींना सांभाळायला ती इटलीत आली होती, त्यांना एकटं ठेवलं की त्या गॅस उघडा सोडत. त्यांचा मुलगा सुट्टीला समुद्रावर गेलेला, फोनच उचलत नव्हता. "बरं, रडू नकोस," भाऊ नरमला. "आईच्या हातात मी मेणबत्ती धरलीय. तूही तिथं लाव. जाणाऱ्याला लेकरांचा उजेड लागतो, नाहीतर जीव अंधारात चाचपडतो. श्वास थांबेपर्यंत विझू देऊ नकोस." तिनं मेणबत्ती पेटवली, फोन शेजारी उभा केला. आईची घरघर ऐकू येत होती. तेवढ्यात मागून आजी आल्या. ज्योत पाहून हरखल्या. वाकून त्यांनी फुंकर मारली आणि टाळ्या पिटल्या. "कितवा गं वाढदिवस?"