सांडलेलं औषध

"बाटली दहा दिवस आधीच कशी संपली?" डॉक्टर लिम यांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

प्रणितानं दाराकडे पाहिलं. तिची नऊ वर्षांची मुलगी जाई बाहेर नर्सजवळ वजन करून घेत होती. चार महिने तिला एकही फिट आली नव्हती. या आठवड्यात दोन आल्या. एक शाळेच्या जिन्यात. कपाळाला पाच टाके पडले होते.

"सांडलं," शेजारून राजस म्हणाला. "माझ्या हातून. सॉरी."

प्रणितानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं ती बाटली कधी हातातही घेतली नव्हती. औषध तीच द्यायची, सकाळ-संध्याकाळ दीड मिली. म्हणजे त्याला कळलं होतं.

"हे गांजाच्या झाडापासून काढलेलं औषध आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इथे सिंगापुरात खास परवानगीनं मिळतं, तेही फक्त जाईच्या नावावर. वरच्यांना उत्तर मला द्यावं लागतं. काय झालं ते लिहून द्या."

राजसनं लिहून दिलं. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच नीट होतं.

गेल्या महिन्यात नोव्हेना भागातल्या याच इमारतीत, तीन मजले वर, प्रणितानं स्वतःच्या डॉक्टरांना विचारलं होतं. तीन वर्षांत पाच गोळ्या बदलून झाल्या होत्या. सकाळी अंथरुणातून उठणं काही सोपं झालं नव्हतं. जाईचं औषध मला चालेल का?

ते मान हलवत म्हणाले होते, "ते कशालाच दाद न देणाऱ्या फिट्ससाठी. डिप्रेशन त्यात बसत नाही. उपयोग होतो असा पुरावाही नाही."

दुसऱ्या दिवशी जाई शाळेत गेल्यावर तिनं बाटली उघडली. मग रोजच. पुढे पुरेना, तेव्हा जाईचा डोस निम्मा केला.

नवी बाटली घेऊन तिघं लिफ्टपाशी आली. जाई पुढे जाऊन काचेतून खालचा रस्ता बघत उभी राहिली.

आता हा बोलेल, प्रणिताला वाटलं. ओरडेल. पुण्याला आईकडे जा म्हणेल. काहीही म्हणाला असता तरी तिला चाललं असतं.

राजस जवळ आला. जाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यानं विचारलं, "थोडं तरी बरं वाटलं का गं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तिनं हो म्हणावं म्हणून तो थांबला होता.

"नाही," प्रणिता म्हणाली. "काहीच नाही झालं."

लिफ्ट आली. जाईनं आत शिरून दाराचं बटण दाबून धरलं.

"मम्मा, पपा, कम इन लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली.

दोघांपैकी कुणीच हललं नाही.