मोटरीची हजेरी

नरसिंगरावांनी मोटरीच्या झाकणावर हात ठेवला, उचलला आणि पुन्हा ठेवला. झाकण थंडगार होतं.

सकाळचे सात वाजले होते. बोगादीच्या पुढच्या तळ्यावर बोट क्लबचा धक्का, धक्क्याला बांधलेली बचाव बोट आणि बोटीच्या मागे लावलेली, क्लबच्या नोकरीत नरसिंगरावांनीच सांभाळलेली ती तेवीस वर्षांची मोटर. धक्क्यावर कागद घेऊन उभे तपासणीचे इंजिनियर शेषगिरी. बोटीत, मोटरीच्या दोरीची मूठ धरून, नरसिंगरावांची सून सुमा. दसऱ्यापासून नरसिंगरावांचा उजवा खांदा धरला होता, म्हणून आज दोरी ओढायचं काम तिच्याकडे आलं होतं.

"नरसिंगराव, नियम सरळ आहे," शेषगिरी म्हणाले. ते चामराजपुरमचे, घरी मराठीच बोलणारे. "बचाव बोटीची मोटर पंधरा वर्षं. तुमच्या शब्दाखातर एक संधी देतो. गार मोटर, एक झटका. सुरू झाली तर राहू दे, नाहीतर मोडीत घालायची. सरी ना, कबूल?"

"सरी, सर," नरसिंगराव म्हणाले.

'एका झटक्यात' हे शब्द क्लबभर त्यांनीच पसरवले होते. नव्या मोटरी आल्या, चार पावसाळ्यांत खोकायला लागल्या. कंपनीचे मेकॅनिक बॅगा घेऊन आले आणि गेले. नरसिंगरावांची मोटर मात्र रोज सकाळी, चार माणसं जमली की, एका झटक्यात बोलायची. मग ते मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "मोटरीचं वय कागदावर बघू नका. हात कुणाचा आहे, ते बघा."

खरं काय ते त्यांनाच ठाऊक. गेली नऊ वर्षं ही मोटर गार असताना सहा झटक्यांशिवाय कधी सुरू झाली नव्हती. त्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर दहादा धुतला, पण दुखणं काही सापडलं नाही. मग ते भल्या पहाटे तळ्यावर यायचे, सहा झटके मारून तिला तापवायचे, बंद करायचे आणि साळसूदपणे लोकांची वाट बघत बसायचे. त्यात त्यांना लबाडी वाटत नव्हती, उलट ते घराण्याला धरूनच होतं. त्यांचे पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात शिलेदार, घोडा स्वतःचा. म्हातारपणी घोडा सकाळी आखडायचा, आणि घोडा बाद तर शिलेदारीही बाद. म्हणून हजेरीच्या दिवशी पणजोबा त्याला आधीच दोन मैल चालवून आणत, मग साहेबापुढे तो तरण्यासारखा उभा राही. आयुधपूजेला तलवारीपुढे बसून घरात ही गोष्ट कौतुकाने सांगायचे.

खांदा धरला आणि नरसिंगरावांची पहाटेची फेरी बंद पडली. तेव्हापासून मोटर बंदच होती. आता तपासणी आली, म्हणून काल संध्याकाळी क्लबच्या शेडमध्ये सुमाला गुपित सांगणं भाग पडलं. "पहाटे येऊन तापवून ठेव. घरात कुणाला सांगू नको."

सुमा पॉलिटेक्निकात शिकलेली, बोलायला कमी. तिने एवढंच विचारलं, "पण मामा, दुपारपर्यंत ती परत गार होते की. तेव्हा कोणी बुडत असलं, तर तो सहा झटके थांबतो काय?"

नरसिंगरावांना राग आला. ते तडक बस धरून घरी गेले. सुमा शेड बंद करून बऱ्याच वेळाने आली. आज सकाळी ती चहा देत होती तेव्हा सगळ्यांदेखत विचारता येईना, म्हणून त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, झालं का? तिने होकाराची मान हलवली होती.

आणि झाकण थंडगार! पोरीने ऐन वेळी तोंडघशी पाडलं. तेवीस वर्षांची अब्रू आता भंगारवाल्याच्या टेंपोतून जाणार होती.

"ओढा," शेषगिरी म्हणाले.

नरसिंगरावांनी तोंड फिरवलं आणि तळ्याकडे बघत राहिले. मागे दोरी सर्रकन ओढल्याचा आवाज झाला. एकदाच.

मोटर धडधडली. पाण्याची बारीक धार बाहेर उडू लागली, निळसर धूर धक्क्यावर आला. शेजारच्या बोटींवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. नरसिंगराव खुळ्यासारखे मोटरीकडे बघत होते.

सुमा बोटीच्या कडेला आली आणि मोटरीच्या आवाजात फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "चोक, मामा, गार मोटरीची हवा रोखणारा. बाहेर दांडा ओढला की खट्ट वाजायचं, म्हणून तुम्ही चोक पुरा मिटला असं धरलं. आत झडप अर्धीच मिटत होती. मधली तार झिजलेली, अष्टे, एवढंच. काल नवी घातली."

मग ती काही झालंच नाही अशी दोरखंड आवरायला लागली. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, पुढेही सांगणार नव्हती.

शेषगिरींनी कागदावर सही ठोकली. "मानलं, नरसिंगराव! तेवीस वर्षांची मोटर, गार, आणि एका झटक्यात. हात तुमचाच, बाबा."

नरसिंगरावांचा डावा हात सवयीने मिशीकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिच्या नखांत अजून काळं तेल होतं. पणजोबांच्या गोष्टीनेसुद्धा त्यांची छाती कधी एवढी फुगली नव्हती.

"माझा नाही, सर," पलीकडच्या बोटीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "मला सहा लागायचे. एका झटक्यात सुरू करते, ती आमची सुमा."