पाच पाकळ्यांचं कमळ

अध्यक्षसाहेब, मंडळाच्या टेबलावरचा क्रोशाचा रुमाल तुम्हीच फेकलात. परप्रांतातल्या या इंद्रपुरी वसाहतीतल्या प्रत्येक मराठी बाईनं त्यात आपल्या माहेरच्या नमुन्याचा चौकोन विणला होता. कागदावर कुणीच काही उतरवलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण बाजूला ठेवून बायका त्या रुमालावर वाकायच्या, बोटानं विणीतल्या साखळ्या-खांब मोजायच्या आणि नमुना घरी न्यायच्या. "वसुधाताई, तुमच्या कमळाला पाचच पाकळ्या?" "कारखान्याचा भोंगा झाला, ह्यांचा डबा भरायला उठले, सहावी राहिलीच!" म्हणून आई हसायची. पुढे आई गेली, बाकीच्या नागपूर-पुण्याकडे परतल्या. परवा लेकीला तेच कमळ शिकवायला मी क्रोशाची सुई आणि दोरा घेऊन मंडळात आले, तर टेबलावर चकचकीत सॅटिन. वर तुम्ही ऐकवलंत, "ताई, विटलेलं सूत होतं हो, फालतू. यूट्यूबवर सगळे नमुने मिळतात!" मी सगळं धुंडाळलं, आईचं कमळ तिथं नाही. तो रुमाल कुठे आहे? बोला.