रविवारचं जेवण

नागपुरात नोकरीला आल्यावर मृण्मयीच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. ऑफिसातला हेरंब तेवढा दर रविवारी तिला जेवायला घेऊन जायचा. तिला डेंग्यू झाला तेव्हा आठ दिवस तोच दवाखान्यात बसून होता. त्याचं आपल्यावर प्रेम आहे, हे तिला कळत होतं. आपलं नाही, हेही. पण ती कधी बोलली नाही.

त्या रविवारी सावजी खानावळीत तो हसत म्हणाला, "बंगळुरूची नोकरी नाकारली मी. इथून जावंसंच वाटेना."

तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"माझ्यासाठी नाकारली असशील तर चुकलास, हेरंब. माझ्या मनात तसं कधीच नव्हतं."

त्यानं ताट बाजूला सारलं. "आणि माझ्या मनातलं तुला माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"हो. वर्षभर."

"मग आधी का नाही बोललीस?"

"एकटीनं जेवायची भीती वाटायची," ती म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर आल्यावर त्यानं सवयीनं दुसरं हेल्मेट तिच्यापुढे धरलं. "चल, सोडतो."

ऊन रणरणत होतं. घर पाच किलोमीटर लांब होतं. तिला हो म्हणावंसं वाटलं.

"नको," ती म्हणाली आणि चालू लागली.