किडके वासे

थोरल्या दिरांच्या अर्ध्या घराची कौलं उतरली, तेव्हा शेवंती त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. घर एकाच आढ्याखालचं, मधे फक्त भिंत. नवरा गेल्यापासून पलीकडच्या अर्ध्यात ती एकटी राहत होती.

"भाऊजी, सुतार आलाच आहे, तर माझ्याही वाशांना औषध मारून घेऊ का?"

"तुझे वासे भक्कम आहेत," दीर म्हणाले. "उलट माझे हे उतरवलेले घेऊन जा. माळ्यावर रचून ठेव. पुढे तुझं छप्पर करताना कामी येतील."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही देऊ केलं होतं. शेवंतीने सगळे वासे एकटीने वाहून नेले, पुसून माळ्यावर रचले आणि दिरांना आल्याचा चहा नेऊन दिला.

दोन पावसाळ्यांनंतर तिच्या अंथरुणावर पिवळा भुसा गळू लागला. तिने त्याच सुताराला बोलावलं. त्याने छपराच्या वाशाला पटाशी लावली, तर ती मुठीपर्यंत आत गेली.

"वहिनी, माळ्यावर हे किडके वासे कोणी ठेवले? उतरवल्या दिवशीच जाळून टाका, असं मी भाऊंना बजावलं होतं. किडा यांच्यातूनच पसरलाय. आता तुमचा एकही वासा वाचायचा नाही."

ती तशीच दिरांकडे गेली. "भाऊजी, तुम्ही विसरलात का हो?"

"विसरेन कसा?" सुपारी कातरत ते म्हणाले. "माहेरी कधी जातेस ते सांग. मधली भिंत पाडायची आहे."